यादीचा तुकडा: कुठून, कुठपर्यंत आणि कुणाचा?

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांची यादी अधिकृत क्रमाने मांडली, तर यवतमाळ जिल्हा तिच्यात सलग सापडतो: ७६ वणी, ७७ राळेगाव, ७८ यवतमाळ, ७९ दिग्रस, ८० आर्णी, ८१ पुसद आणि ८२ उमरखेड. त्याआधीचा ७५ क्रमांकाचा वरोरा चंद्रपूर जिल्ह्यातला आणि नंतरचा ८३ क्रमांकाचा किनवट नांदेडचा. राज्याच्या निकालातून फक्त या जिल्ह्याचा निकाल वेगळा काढायचा असेल, तर पायथन भाषेत एक ओळ पुरते:

मतदारसंघ[७५:८२]

पायथनच्या सध्याच्या आवृत्त्यांत यादीचं नाव असं देवनागरीत ठेवता येतं. आकडे मात्र संगणकावर इंग्रजी चिन्हांतच टाकावे लागतात. इथे ते वाचकाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत.

ही ओळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला शंका येते. वणीचा क्रमांक ७६, मग सुरुवात ७५ का? आणि सुरुवात एकाने कमी केली, तर उमरखेडचे ८२ जसेच्या तसे कसे राहिले? प्रोग्रामिंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही शंका पहिल्या काही आठवड्यांत पडते आणि तिचं उत्तर पाठ करून तो पुढे जातो. पण यादीतून भाग काढताना आणखी एक प्रश्न उभा असतो, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. निघालेला तुकडा स्वतंत्र आहे, की अजून मूळ यादीलाच जोडलेला आहे? त्यात बदल केला तर मूळ यादी बदलेल का? सीमा चुकली, तर बहुधा एखादं नाव कमी पडतं किंवा जास्त येतं आणि चूक दिसते. दुसऱ्या प्रश्नात गफलत झाली, तर मूळ नोंदीच गुपचूप बदलतात. म्हणून प्रोग्रामिंगच्या वर्गात आणि सरकारी आकडेवारीवर काम करताना या दुसऱ्या प्रश्नाला आज मिळतो त्याहून बराच जास्त वेळ मिळायला हवा.

सीमेचा हिशेब

पायथन, सी, जावा, जावास्क्रिप्ट, गो या भाषांत मोजणी शून्यापासून होते. मतदारसंघांच्या यादीतला पहिला अक्कलकुवा शून्याव्या स्थानावर बसतो आणि २८८वा जत २८७व्या. म्हणून वणी ७५व्या स्थानावर येते. तुकड्याची दुसरी संख्या ‘इथे थांबा, हा घेऊ नका’ असं सांगते. उमरखेड ८१व्या स्थानावर आहे आणि ८२व्या स्थानावर किनवट. सुरुवात धरायची, शेवट सोडायचा, असा हा नियम.

त्याचा फायदा शेजारचे जिल्हे काढले की कळतो. चंद्रपूरचे सहा मतदारसंघ [६९:७५], यवतमाळचे सात [७५:८२], नांदेडचे नऊ [८२:९१]. प्रत्येक ठिकाणी नुसत्या वजाबाकीने संख्या मिळते. एका जिल्ह्याचा शेवटचा आकडा हाच पुढच्याचा पहिला, त्यामुळे मधला एकही मतदारसंघ सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही. रिकामा तुकडाही सहज लिहिता येतो: [७५:७५].

एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने ११ ऑगस्ट १९८२ रोजी लिहिलेल्या छोट्या टिपणात याच नियमाची बाजू मांडली. सलग संख्या लिहिण्याच्या चार रीती त्याने समोर ठेवल्या: दोन्ही टोकं धरायची, दोन्ही सोडायची, फक्त पहिलं धरायचं किंवा फक्त शेवटचं धरायचं. वजाबाकीने लांबी मिळणं आणि लगतचे तुकडे नीट जुळणं, हे दोन्ही गुण शेवटच्या दोन रीतींतच आहेत. त्यातही पहिलं टोक धरणारी रीत त्याने निवडली, कारण शून्यापासून सुरू होणारी यादी लिहिताना तिच्यात उणे एकची गरज पडत नाही. त्याच्या युक्तिवादाला अनुभवाचाही आधार होता. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या मेसा भाषेत चारही रीतींची सोय होती, आणि बाकीच्या तिन्हींतून सतत चुका होत असल्याचं तिथे दिसून आलं होतं.

तरीही दुसरी परंपरा जुनी आहे आणि ती आजही जोमात चालते. १९५७च्या फोर्ट्रानमध्ये मोजणी एकपासून होती. मॅटलॅब, आर आणि ज्युलिया या भाषाही एकपासून मोजतात आणि दोन्ही टोकं धरतात. तिथे यवतमाळचा तुकडा सरळ ७६ ते ८२ असा लिहायचा. एक्सेलच्या रकान्यांतही दोन्ही टोकं येतात. निवडणूक कार्यालय ज्या क्रमांकांनी बोलतं, तेच क्रमांक इथे जसेच्या तसे वापरता येतात.

अडचण एका परंपरेतून दुसरीत जाताना होते. पायथनमध्ये उणे एक म्हणजे यादीतला शेवटचा घटक, तर आरमध्ये उणे एक म्हणजे पहिला घटक वगळून उरलेली सगळी यादी. एकाच चिन्हाचे जवळपास उलटे अर्थ. पायथनमधल्या पांडास या संचात तर एकाच तक्त्याला दोन नियम लागू होतात. ‘आयलॉक’ने स्थान देऊन भाग काढला, तर शेवट सुटतो. ‘लॉक’ने नाव किंवा तारीख देऊन काढला, तर शेवट धरला जातो. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतलं ‘बिटवीन’ दोन्ही टोकं धरतं. पण नोंदीत तारखेसोबत वेळही असेल आणि शेवट म्हणून नुसती ३० सप्टेंबर दिली, तर तो दिवस मध्यरात्रीच्या ठोक्यालाच संपतो आणि त्या दिवसाच्या पुढच्या साऱ्या नोंदी गळतात.

लांबी बरोबर, दिवस चुकीचे

यवतमाळची शेती मुख्यतः पावसावर, त्यातही कापूस, सोयाबीन आणि तूर. त्यामुळे पावसाच्या आकड्यांची यादी इथल्या विद्यार्थ्याला आणि शेतकऱ्याला ओळखीची असते. कृषी विभागाचं महारेन संकेतस्थळ तालुका आणि महसूल मंडळांनुसार पावसाचे आकडे देतं. समजा एका तालुक्याची वर्षभराची रोजची यादी हाती आहे आणि तिच्यातून फक्त नैर्ऋत्य मोसमी पावसाचा काळ, म्हणजे १ जून ते ३० सप्टेंबर, काढायचा आहे. हे एकूण १२२ दिवस. जानेवारी ते मे या महिन्यांचे दिवस १५१, म्हणून साध्या वर्षात हा तुकडा असा लिहिला जातो:

पाऊस[१५१:२७३]

वजाबाकी १२२ येते, म्हणजे सगळं जुळलं. आता हीच ओळ २०२४च्या यादीवर चालवून पाहावी. ते लीप वर्ष असल्यामुळे फेब्रुवारीत एक दिवस जास्त. तुकड्याची लांबी पुन्हा १२२च भरते, कुठलीही सूचना येत नाही, पण हाती आलेले दिवस ३१ मे ते २९ सप्टेंबर असतात. मेच्या शेवटच्या दिवशी वळवाची मोठी सर आली असेल, तर ती मोसमी पावसात मिसळते आणि सप्टेंबरचा शेवटचा दिवस हिशेबातून जातो. बरोबर तुकडा [१५२:२७४] असतो.

पायथनची आणखी एक सवय इथे लक्षात ठेवायला हवी. सात घटकांच्या यादीत शंभरावा घटक मागितला, तर पायथन चूक दाखवून थांबतो. पण शंभर ते दोनशे असा तुकडा मागितला, तर काहीही न बोलता रिकामी यादी देतो. पावसाच्या फायलीत २५०च दिवस उतरले असतील, तर वरची ओळ ९९ दिवस देऊन मोकळी होते. सरासरी काढणारा पुढचा प्रोग्राम त्या ९९ दिवसांनाच पूर्ण हंगाम समजतो.

यावर दोन साधे उपाय आहेत. तुकडा स्थानाने काढण्याऐवजी तारखेने काढावा. आणि काढल्यावर त्याची लांबी, पहिला दिवस आणि शेवटचा दिवस या तिन्ही गोष्टी तपासाव्यात, कारण एकट्या लांबीच्या तपासणीतून लीप वर्षाची चूक सुटते.

नक्कल की मूळ

आता दुसरा प्रश्न. यवतमाळच्या कुठल्याही गावात तो समजावायला सातबारा पुरेसा आहे. गावाच्या अधिकार अभिलेखातून एका गटापुरता भाग उतरवून दिला जातो. १ मे २०१८पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही मिळू लागला. तो उतरवून घेतल्यानंतर मूळ नोंदीत फेरफार झाला, तर हातातला कागद बदलत नाही. त्यावर कुणी पेनाने काही लिहिलं, तर मूळ अभिलेखही बदलत नाही. संगणकाच्या भाषेत अशा तुकड्याला खरी नक्कल म्हणायचं. पण काही भाषा जो तुकडा देतात, त्यावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर थेट मूळ नोंदवहीत उमटतं. दोन्ही तुकडे पडद्यावर सारखेच दिसतात.

पायथनची साधी यादी पहिल्या प्रकारात मोडते, पण अर्धीच. मतदारसंघ[७५:८२] लिहिल्यावर सात घटकांची नवी यादी तयार होते. तिच्यात भर घातली, काही खोडलं, क्रम उलटा केला, तरी २८८ची मूळ यादी तशीच राहते. [:] असं लिहिलं, तर पूर्ण यादीची नक्कल मिळते. त्याऐवजी ‘नवी = जुनी’ असं लिहिलं, तर नक्कल होतच नाही. एकाच यादीला दोन नावं लागतात.

अर्धीच, कारण नक्कल वरच्या थराचीच होते. समजा यादीतला प्रत्येक घटक स्वतःच एक छोटी यादी आहे: मतदारसंघाचं नाव, आरक्षण, मतदारांची संख्या. तुकड्यात या छोट्या याद्यांची नक्कल होत नाही, फक्त त्यांच्याकडे जाणारे निर्देश नव्या यादीत येतात. तुकड्यातल्या आर्णीच्या ओळीत मतदारसंख्या बदलली, की मूळ यादीतल्या आर्णीचीही बदलते. प्रोग्रामर हिला उथळ नक्कल म्हणतात. आतल्या थरांसह सगळं वेगळं हवं असेल, तर पायथनमध्ये ‘डीपकॉपी’ वापरावं लागतं.

याच कारणाने होणारी एक चूक नवशिक्यांच्या प्रोग्राममध्ये वारंवार दिसते. जिल्ह्यातल्या १६ तालुक्यांसाठी चार महिन्यांचे शून्य भरलेले रकाने हवेत, म्हणून [[०]*४]*१६ असं लिहिलं जातं. पडद्यावर १६ ओळी दिसतात, पण त्या सगळ्या एकाच ओळीकडे बोट दाखवतात. घाटंजीचा जूनचा पाऊस भरला, की झरी जामणीपासून उमरखेडपर्यंत प्रत्येक तालुक्यात तोच आकडा चढतो.

नक्कल करण्याला किंमतही पडते. हजार घटकांची यादी प्रत्येक पायरीला पहिला घटक सोडून पुढच्या पायरीकडे देत गेलं, तर पायथन दर वेळी उरलेला भाग नव्याने उतरवतो. शेवटापर्यंत उतरवलेल्या घटकांची बेरीज ४,९९,५०० होते. लहान यादीत हे जाणवत नाही, लाखभर नोंदींच्या यादीत प्रोग्राम रखडतो.

न उतरवता दिलेले तुकडे

ही किंमत टाळण्यासाठी अनेक भाषांनी दुसरा मार्ग धरला. १९५८मध्ये जॉन मॅकार्थी यांनी घडवायला घेतलेल्या लिस्पमध्ये यादीचा पहिला घटक बाजूला केला, की उरलेला भाग ही आधीपासूनच एक पूर्ण यादी असते. तिथे काही उतरवावंच लागत नाही. अल्गोल ६८ या भाषेत तुकडा काढण्याची रीतसर रचना आली आणि तो तुकडा मूळ जागेलाच जोडलेला ठेवता येत असे. फोर्ट्रान ९०नेही मोठ्या संख्यासंचांचे भाग थेट हाताळण्याची सोय दिली.

आज शास्त्रीय गणितासाठी पायथनसोबत वापरला जाणारा नमपाय हा संच याच वाटेवरचा. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ची. नमपायमध्ये पाऊस[१५१:२७३] लिहिलं, तर मिळतो तो मूळ संचाचाच भाग, ज्याला व्ह्यू म्हणतात. लिहिण्याची रीत साध्या यादीसारखीच, परिणाम मात्र उलटा. पावसाच्या फायलींत मोजणी नसलेल्या दिवसासाठी उणे ९९९ लिहिण्याची पद्धत आहे. बेरीज बिघडू नये म्हणून विद्यार्थी तुकड्यातल्या त्या जागी शून्य भरतो, आणि ते मूळ संचातही भरलं जातं. ‘मोजणी झाली नाही’ याचं ‘पाऊस पडला नाही’ असं होतं. कोरडवाहू जिल्ह्यात या दोन वाक्यांतलं अंतर फार मोठं आहे, आणि फाइल एकदा जतन केली की ते परत मिळत नाही. याच नमपायमध्ये अट घालून, उदाहरणार्थ ६५ मिलिमीटरच्या वरचे दिवस, असे घटक निवडले तर मात्र स्वतंत्र नक्कल मिळते.

पांडासमध्ये हा गोंधळ बरीच वर्षं राहिला. तुकडा नक्कल आहे की मूळ, हे खुद्द वापरणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नसे आणि पडद्यावर एक गूढ इशारा उमटत असे. आता ३.० आवृत्तीत त्यावर ठाम नियम आला आहे. काढलेला भाग नेहमी स्वतंत्र नकलेसारखा वागतो, आणि प्रत्यक्ष उतरवण्याचं काम कुणी त्यात बदल करेपर्यंत पुढे ढकललं जातं. जुन्या वागण्यावर विसंबून लिहिलेले प्रोग्राम त्यामुळे पुन्हा तपासावे लागतील.

जावाचा अनुभव वेगळीच बाजू दाखवतो. मजकुरातून छोटा भाग काढणारी ‘सबस्ट्रिंग’ ही सोय पूर्वी मूळ मजकुराचीच जागा वापरत असे. काम झटपट होई, पण दहा अक्षरांचा तुकडा जपून ठेवला, तर त्याच्यामागे लाखो अक्षरांचा मूळ मजकूर स्मृतीत अडकून पडे. २०१२मध्ये जावा ७च्या सहाव्या सुधारणेपासून ही पद्धत बदलली आणि तुकड्याची खरी नक्कल होऊ लागली. वेग थोडा गेला, स्मृती मोकळी झाली.

सर्वांत बोलकं उदाहरण गो भाषेचं. गोमधल्या तुकड्यात तीन गोष्टी असतात: मूळ संचातली सुरुवातीची जागा, लांबी आणि क्षमता, म्हणजे त्या जागेपासून पुढे मूळ संचात किती घरं आहेत. मतदारसंघांच्या यादीतून चंद्रपूरचा [६९:७५] हा भाग काढला आणि त्याच्या शेवटी ‘एकूण’ अशी एक ओळ जोडली, तर ती ओळ कुठे जाईल? तुकड्याची लांबी सहा आहे, पण क्षमता यादीच्या शेवटापर्यंत पोचते. गो पुढच्या घरात लिहितो, आणि ते घर ७५वं, म्हणजे वणीचं. चंद्रपूरच्या तक्त्यात बेरीज दिसते आणि राज्याच्या यादीतून वणी पुसली जाते. यानंतर यवतमाळचा तुकडा काढणाऱ्याला पहिल्याच ओळीत ‘एकूण’ सापडतं आणि दोष कुठून आला हे त्याच्या प्रोग्राममध्ये कुठेच दिसत नाही. २०१३च्या गो १.२ आवृत्तीत क्षमतेवर मर्यादा घालण्यासाठी तिसरी संख्या देण्याची सोय आली. [६९:७५:७५] लिहिलं, की नवी भर वेगळ्या जागेत जाते.

२०१५मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेने हा प्रश्न प्रोग्राम चालण्याआधीच अडवला. यादीचा तुकडा कुणी वाचत असेल, तर तेवढ्या काळात ती यादी बदलता येत नाही. तसा प्रयत्न करणारा प्रोग्राम तयारच होत नाही. शिकणाऱ्याला सुरुवातीला ही सक्ती जाचते, पण वणी पुसली जाण्याचा प्रकार तिथे होऊ शकत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये धोका नावांच्या साम्यातून येतो. ‘स्लाइस’ नक्कल देतं, ‘स्प्लाइस’ मूळ यादीतूनच घटक काढून घेतं. मूळ यादीला धक्का न लावता तेच काम करणारी ‘टूस्प्लाइस्ड’ ही सोय २०२३च्या मानकात आली.

क्रमांक आणि ओळख

जिल्ह्याचे सात विधानसभा मतदारसंघ सलग आहेत, लोकसभेचं तसं नाही. यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघात ३४ वाशिम, ३५ कारंजा, ७७ राळेगाव, ७८ यवतमाळ, ७९ दिग्रस आणि ८१ पुसद येतात. वणी आणि आर्णी चंद्रपूरला, उमरखेड हिंगोलीला. इथे दोन टोकं देऊन भागत नाही. एकेक स्थान निवडावं लागतं, किंवा प्रत्येक नोंदीत लोकसभेचं नाव ठेवून त्यानुसार गाळावं लागतं. अनुसूचित जमातींसाठी राखीव राळेगाव आणि आर्णी असेच गाळून मिळतात.

स्थान ही घटकाची ओळख नसते, हा या साऱ्या चर्चेतला तिसरा धडा. महाराष्ट्रातले जिल्हे इंग्रजी वर्णक्रमाने लावले, तर शेवटचा यवतमाळ. मराठी वर्णक्रमाने लावले, तर शेवटचा हिंगोली. २०१४मध्ये पालघर जिल्हा झाला आणि इंग्रजी यादीत यवतमाळ ३५वरून ३६वर सरकला. २०२३मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झाल्यावर क्रम पुन्हा हलला. २०११च्या जनगणनेत दिलेला ५१० हा यवतमाळचा संकेतांक मात्र या कशानेही बदलत नाही. पुढच्या पुनर्रचनेत मतदारसंघांचे क्रमही बदलू शकतात. प्रोग्राममध्ये ७५ आणि ८२ हे आकडे कायमचे कोरून ठेवले असतील, तर तेव्हा तो दुसऱ्याच जिल्ह्याचे मतदारसंघ यवतमाळ म्हणून दाखवेल.

मोठ्या याद्या पानापानाने दाखवताना हाच दोष वेगळ्या रूपात येतो. एसक्यूएलमध्ये क्रम ठरवून न देता ‘पहिल्या ५० नोंदी, मग पुढच्या ५०’ असं मागितलं, तर डेटाबेस क्रमाची कोणतीही हमी देत नाही. क्रम दिला, पण दोन पानांच्या मध्ये वर नवी नोंद शिरली, तर पहिल्या पानावरचं शेवटचं नाव दुसऱ्या पानावर पुन्हा येतं. त्याच काळात पहिल्या पानावरचं एखादं नाव वगळलं गेलं, तर पुढचं एक नाव कुठल्याच पानावर दिसत नाही. शेवटच्या पाहिलेल्या नोंदीचा संकेतांक धरून पुढचा भाग मागणं हा त्यावरचा उपाय.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात याद्यांवर बरंच काही अवलंबून असतं. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर झाली, तीही प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन गावांपुरती, एकूण ६८ गावांची. मोठ्या यादीतून असा भाग काढणाऱ्याच्या हाती कुणाचं तरी नाव असतं. एका ओळीची चूक म्हणजे तिथे एक शेतकरी कुटुंब.

म्हणून हे शिकवण्याची रीत बदलण्याजोगी आहे. पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३पासूनचं, यवतमाळची जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९९६पासूनची. जिल्ह्यात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना एक ते दहा आकड्यांच्या यादीऐवजी स्वतःच्या तालुक्याच्या पावसाची यादी द्यावी. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांचा १ जून ते ३० सप्टेंबर हा काळ त्यांनी आधी स्थानाने आणि मग तारखेने काढावा, आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवावी. मग तोच तुकडा साध्या यादीत, नमपायमध्ये आणि पांडासमध्ये घेऊन त्यातला एक आकडा बदलावा आणि प्रत्येक वेळी मूळ यादी छापून पाहावी. प्रयोगवहीत तीन रकाने पुरतील: तुकड्याची पहिली आणि शेवटची तारीख, त्याची लांबी, आणि मूळ यादी बदलली की नाही.